‘खाणपट्टा मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यातले शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, बॉक्साईट आहे तिथं हा माणूस कधी ना कधी पोचतोच. बोलणं ठरलेलं असतं : “काका, जमीन तुमची, फाईल माझी. मंत्रालयापर्यंत ओळख आहे.” मग पैसे मोजणीला, ‘साहेबांना’, नागपूरच्या खनिकर्म कार्यालयातल्या सहीला, शेवटी ‘रॉयल्टी डिपॉझिट’ला. पहिला हप्ता मुद्दाम लहान सांगतात. पुढचे हप्ते मागचा बुडू नये या भीतीनंच दिले जातात.

बॉक्साईट हे प्रमुख खनिज. १२ जानेवारी २०१५ पासून खासगी माणसाला त्याचा नवा पट्टा फक्त लिलावातून मिळतो. सातबारा नावावर असला म्हणून खालचं बॉक्साईट तुमचं होत नाही. म्हणजे एजंट जे विकतोय ते द्यायचा अधिकार त्याच्या ‘साहेबां’नाही नाही. इथं ‘ओळख’ या शब्दापाशीच बोलणं थांबवावं.

दगड-मुरूम गौण खनिजात येतात. त्यांना राज्याचे २०१३ चे नियम लागू आहेत आणि अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत जातो. मोजणी, खाण आराखडा, पर्यावरण मंजुरी ही कामं खरी असतात. ती करणाऱ्या तंत्रज्ञाची फी त्याच्याच खात्यात, बिल घेऊन द्या. सरकारी रक्कम ‘ग्रास’ या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीच्या चलनानं भरतात. चलनावरचा जीआरएन (चलनाचा क्रमांक) स्वतः त्या साईटवर तपासा. त्याआधी सातबाऱ्याच्या इतर हक्कात वनाची नोंद आहे का आणि केंद्राच्या ३१ जुलै २०२४ च्या पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावाचं नाव आहे का, तेही पाहा. त्या मसुद्यात खाणकामावर बंदी प्रस्तावित आहे.

सगळ्यात घातक कागद म्हणजे ‘तत्त्वतः मंजुरी’चं पत्र. गट नंबर बरोबर, गोल शिक्का ठळक, आणि सातबाऱ्यावर २.४०.०० हेक्टर-आर असलेलं क्षेत्र (सुमारे ५.९३ एकर) पत्रात मोघम ‘६ एकर’. अशी विसंगती दिसली की पत्र घेऊन थेट शाखेत जा आणि जावक नोंदवहीशी ताडून मागा. दाद दिली नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्या पत्राच्या भरवशावर पोकलेन लावलात तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहनं जप्त होतात. नोटीस तुमच्या दारात येते, तोवर एजंटचा फोन बंद असतो.

पैसे गेलेच असतील तर स्टॅम्पवरच्या ‘करारा’वर विसंबू नका. अधिकाऱ्याला पैसे पोचवून पट्टा मिळवण्याचा करार करार कायद्याच्या कलम २३ नुसार निरर्थक ठरतो. लाच म्हणून पैसे दिले असतील तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही दोषी असतो. बळजबरीनं द्यावे लागले असतील तरच, ७ दिवसांत कळवलं तर संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. म्हणून आधी वकिलाला सगळं खरं सांगा, मग फिर्याद लिहा. खोटं पत्र दाखवून उकळलेल्या पैशांसाठी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे. व्हॉट्सॲप चॅट पुसू नका, पत्राची मूळ प्रत एजंटला परत देऊ नका. रोख दिली असेल तर तारीख, जागा आणि तिथं कोण कोण होतं ते आजच लिहून ठेवा. ऑनलाइन पाठवलेल्या पैशांसाठी मात्र पोलीस ठाण्याची वाट धरण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते.