दोन जॉयस्टिकवर डॉगफाइट: एलिट डेंजरसमधला काही महिन्यांचा अनुभव

एलिट डेंजरस हा अंतराळयानं उडवायचा गेम, आणि डॉगफाइट म्हणजे त्यातली दोन जहाजांची जवळून लढाई. ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच निकाल सांगून टाकतो. नेम सुधारेल म्हणून दोन जॉयस्टिक घेत असाल तर नका घेऊ, नेमाला माउसच भारी. पण समोरच्याच्या मागे चिकटून राहायचं असेल, दोघांमधलं अंतर आपल्या मर्जीने कमी-जास्त करायचं असेल, तर पैसे वसूल आहेत, आणि तेही डाव्या स्टिकमुळे, उजवीमुळे नाही.

गेम एलिट डेंजरस, 2014 पासूनचा, आजही चालूच आहे. मी पीसीवर ओपन मोडमध्ये खेळतो, म्हणजे समोर खरी माणसं येऊ शकतात. (कन्सोलवाल्यांचे नवीन अपडेट 2022 मध्येच बंद झाले, त्यामुळे हे सगळं पीसीपुरतंच.) जहाजं बहुतेक वेळा ईगल आणि व्हल्चर. आधी कीबोर्ड-माउस होता, आता उजव्या स्टिकवर पिच (नाक वर-खाली), रोल (जहाज कडेवर कलणं) आणि ट्विस्टला, म्हणजे स्टिक पिळली की, यॉ (नाक डावी-उजवीकडे), डाव्या स्टिकवर पुढे-मागे, आडवे थ्रस्टर (जहाजाला बाजूला ढकलणारे) आणि ट्विस्टला वर-खाली.

कीबोर्डची खरी अडचण काय, तर थ्रस्टरची की दाबली की पूर्ण जोर, सोडली की शून्य, मधलं काहीच नाही. आणि डॉगफाइट सगळी मधल्या जोरावरच चालते. या गेममध्ये थ्रॉटलच्या (वेगाच्या) पट्टीवर मधोमध एक निळा भाग असतो, वेग त्यात असला की जहाज सगळ्यात चपळ वळतं. नवीन माणूस काय करतो, थ्रॉटल फुल, समोरासमोर जाऊन जेवढं मारता येईल तेवढं मारायचं, एकमेकांना ओलांडून जायचं, मग भलं मोठं वळण घेऊन परत तेच. याला जाउस्टिंग म्हणतात, आणि यात ज्याची शील्ड (जहाजाभोवतीचं संरक्षक कवच) जाड तो जिंकतो, ईगलवाला नाही. ईगल घेऊन जाउस्टिंग करणाऱ्यांचं मला अजून कोडं उलगडलेलं नाही.

डाव्या स्टिकने फरक कुठे पडला ते नीट सांगतो. समजा समोरचा तुमच्या डोक्यावरून वर निघालाय. तुम्ही नाक वर ओढता, नाक वळतं पण जहाज काही वेळ जुन्याच दिशेला सरकत राहतं, त्यामुळे वर्तुळ मोठं होतं आणि तो निसटतो. इथे नाक ओढतानाच वर ढकलणारा थ्रस्टर द्यायचा, बाहेर सरकणं कमी होतं, वर्तुळ आवळतं. उलट तो अंगावरच आला, आता आपटणार असं वाटलं, तर खाली ढकलणारा थ्रस्टर द्यायचा आणि नाक त्याच्यावरच ठेवायचं, अंतर वाढतं आणि गोळीबार थांबत नाही. हे कीबोर्डवर जमतं, नाही असं नाही, पण धक्क्या-धक्क्याने. स्टिकवर ट्विस्ट थोडासाच वळवून धरला की दोघं एकाच वर्तुळात फिरत राहता आणि तो नुसता गोल गोल पळतोय असं दिसतं, तो क्षण बघायला जाम मजा येते. यॉ मात्र मुद्दाम मंद ठेवलाय, त्याच्या भरवशावर वळू नका, रोल करून समोरच्याला डोक्याच्या रेषेत आणा आणि पिचने ओढा.

मग फ्लाइट असिस्ट बंद करणं. हे चालू असताना कॉम्प्युटर तुमचं घसरणं स्वतःच थांबवतो, बंद केलं की साबणावर पाय पडल्यासारखं जहाज त्याच दिशेला जात राहतं, तुम्ही उलटा थ्रस्ट देईपर्यंत. फायदा हा की पळता पळता नाक मागे फिरवून मारता येतं. सरावाला माणसं नकोतच, ग्रहाच्या कड्यातला एक मोठा दगड निवडा, असिस्ट बंद, नाक दगडाच्या मधोमध, आणि आडव्या थ्रस्टरने त्याच्याभोवती फेऱ्या मारा, अंतर सारखं ठेवून. पहिल्यांदा दगड तरी अंगावर येतो नाहीतर लांब पळून जातो. हे कंटाळवाणं आहे, पण मला यानेच सगळ्यात जास्त आलं. कायम बंद ठेवायची मात्र गरज नाही, असिस्ट चालू-बंद करणं एखाद्या बटणावर ठेवा: बूस्ट (क्षणभराचा जादा वेग), असिस्ट बंद, नाक फिरवा, परत चालू. एवढ्यावर बरीच वळणं निभतात.

हे हाताला बसलं तरी पिप विसरलात तर मरालच. पिप म्हणजे जहाजाच्या वीजवाटपाचे ठिपके, एकूण सहा, सिस्टिम, इंजिन आणि वेपन मध्ये वाटायचे, एकात जास्तीत जास्त चार. मार खाताना सिस्टिमला चार कारण त्याने शील्ड कणखर होते, पाठलाग करताना किंवा पळताना इंजिनला, मारायच्या वेळी वेपनला. बरेच लोक एकदा वाटून ठेवतात आणि लढाई संपेपर्यंत बघत नाहीत. मी हे वाटप उजव्या अंगठ्याखालच्या हॅटवर (स्टिकवरचं चार दिशांचं छोटं बटण) ठेवलंय, आता बघावंही लागत नाही.

नेमाचं पुन्हा एकदा. फिक्स्ड, म्हणजे सरळ समोरच मारणाऱ्या, बंदुका स्टिकवर कठीण जातात, माउसवाले त्यात पुढेच असतात. गिम्बलवाल्या बंदुका लावल्या तर त्या स्वतःच टार्गेटकडे वळतात, पण समोरच्याने चॅफ (नेम चुकवणारा कचरा) सोडला की वेड्यासारख्या इकडेतिकडे फिरतात. तेव्हा टार्गेट सोडून द्या, गिम्बल सरळ होतात आणि फिक्स्डसारखे मारता येतं. व्हल्चरवर दोनच पण मोठे हार्डपॉइंट (बंदूक बसवायच्या जागा) आहेत, तिथे गिम्बल ठेवून मी खूश आहे. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

आता तक्रार. डाव्या स्टिकचा ट्विस्ट काही महिन्यांत मधोमध थांबेनासा झाला, हात काढला तरी किंचित एका बाजूला. असिस्ट चालू असताना कळतही नाही, पण बंद केलं की तो चिमूटभर जोर साठत जातो आणि जहाज हळूहळू वर सरकायला लागतं, मी इथे कुणावर तरी नेम धरतोय आणि माझाच पाय जमिनीवर नाही. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी बदलून द्यायला बरीच टाळाटाळ केली एवढंच. सध्या गेममध्येच त्या अक्षाचा डेडझोन (मधला भाग, जिथली हालचाल धरलीच जात नाही) वाढवून काम चालवतोय, पण त्यामुळे ज्या बारीक हालचालीसाठी स्टिक घेतली तीच थोडी गेली. घेताना ट्विस्टचा सेन्सर हॉल इफेक्टचा (चुंबकाने मोजणारा) आहे का ते बघा, आणि टेबलाला घट्ट बसवायची सोय आहे का तेही, कारण टेबलावर सरकणाऱ्या स्टिकने असिस्ट बंद करून उडणं म्हणजे निव्वळ छळ.

माणसांशी सराव करायचा तर अरेना मोड आहे, तिथे जहाज फुटलं तरी जहाजाच्या किमतीचे 5 टक्के विम्यापोटी भरावे लागत नाहीत, फक्त समोर कोणी मिळेपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. नाहीतर ओळखीचा कोणीतरी धरा, दोघांनी ईगल घ्या, साधे लेझर लावा, शील्ड गेली की थांबायचं असं ठरवून घ्या. आणि तो माउसवाला असेल तर उत्तम, त्याचा नेम इतका चांगला असतो की एका जागी राहून चालतच नाही, सतत सरकत राहावं लागतं.