नवा म्हणून जुनाच डिझेल पंप माथी मारला

जुन्या डिझेल पिकअपवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या थोरल्या भावाकडून डिझेल पंपाच्या नावाखाली ३२,००० रुपये उकळले गेले. ज्या पद्धतीनं उकळले, ती बीड-केज पट्ट्यात आणखी कुणाकुणावर वापरली असेल या विचारानं जीव तळमळतो.

गाडी २००९ ची, मेकॅनिकल पंपाची. दादा बीडहून सरकी पेंड, खताची पोती भरून नेकनूर, केजकडं पोचवतो. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी दम टाकायला लागली. सपाटीला ठीक, पण लोड घेऊन चढाला लागली की रेस धरेना, झटके देऊन बंद पडायची. उतरून हातपंप मारला की पुन्हा चालू. सकाळी सेल्फही बराच वेळ मारावा लागायचा.

हातपंप मारल्यावर गाडी चालू होते म्हणजे डिझेल पुढं पोचत नाही, एवढं तरी नक्की. टाकीतली जाळी तुंबलेली असेल, पाइप कुठंतरी हवा घेत असेल, फिल्टर भरला असेल, नाहीतर मेन पंपाच्या (हा इंजिनातल्या नोझलना दाबानं डिझेल देतो) अंगावर बसवलेला, टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप गेला असेल. मेन पंपाच्या किमतीपुढं ही सगळी कामं किरकोळ आहेत. त्यामुळं तपासाची सुरुवात टाकीकडून व्हायला हवी.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं ती मुद्दाम उलट्या बाजूनं केली. नोझलकडं जाणारा पाइप ढिला केला, पोराला सेल्फ मारायला सांगितलं आणि दादाला जवळ बोलावून दाखवलं, "बगा मालक, थेंबसुदिक येईना. मेन पंप खलास." डोळ्यादेखत दाखवल्यावर कोण नाही म्हणणार? पण पंपापर्यंत डिझेलच येत नसेल तर तो पुढं काय फेकणार? विहीर आटलेली असताना मोटर जळाली म्हणून सांगावं, तसला हा पुरावा.

पोती गाडीत, शेतकऱ्यांचे फोन चालू. "कंपनीचा नवा पंप ३४ चा, जुन्याचे दोन वजा करतो, जुना कंपनीला परत द्यावा लागतो," असं म्हणून त्यानं खोकं दाखवलं. खोक्यावर स्टिकर, आत चकचकीत रंगवलेला पंप. पैसे यूपीआयनं घेतले आणि वहीच्या चिठोऱ्यावर 'पंप काम' एवढंच लिहून दिलं.

गाडी लगेच मस्त चालली. या फसवणुकीतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. बसवलेल्या पंपासोबत दुसरा फीड पंप आपोआपच आला, त्यामुळं मूळचा बिघाड खरोखर दूर झाला आणि माणसाचा विश्वास बसला.

काही आठवड्यांनी काळा धूर सुरू झाला, अ‍ॅव्हरेज पडला. त्याहून वाईट म्हणजे इंजिन ऑइलची पातळी वाढायला लागली आणि ऑइल मोजायच्या पट्टीला डिझेलचा वास येऊ लागला. आमच्या गाडीसारख्या, इंजिन ऑइलनं वंगण मिळणाऱ्या पंपात प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) झिजले की डिझेल खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि क्रँक जायला वेळ लागत नाही. ज्यांच्या गाडीत असं दिसेल त्यांनी ती चालवू नये, तिथंच उभी करावी.

छत्रपती संभाजीनगरच्या एका पंप-नोझलवाल्याकडं पंप काढून नेला. त्यांनी तो पंप तपासायच्या मशीनवर, म्हणजे बेंचवर चढवला तर चारही सिलिंडरला डिझेल वेगवेगळ्या मापात पडत होतं. वरचा रंग पुसल्यावर पान्यानं खाल्लेले नट दिसले. नंबरची पट्टी नव्यानं रिबिट मारून बसवलेली, आणि तिच्यावरचा नंबर आमच्या इंजिनाचा नव्हेच. ते दादाला म्हणाले, "भाऊ, हा पंप नवा असणं शक्यच नाही. तुमचा जुना कुठंय?"

जुना गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलेला. पण त्यानं तपासायला म्हणून आधीच काढलेला आमचा फीड पंप चिंधीत गुंडाळून आमच्या गाडीतल्या टूलच्या पेटीत राहिला होता. त्यांनी तो हातात घेतला, तोंडावर बोट धरून दांडा दाबला, तर बोटाला काहीच दाब लागेना. खोलला तर आतली स्प्रिंग तुटलेली. फीड पंप आधी तपासायला काढणाऱ्या माणसाला दोष कुठंय हे दिसलं नसेल, हे मी मानायला तयार नाही. आमचा मेन पंप चांगला होता का, हे आता कुणीच सिद्ध करू शकत नाही. म्हणूनच तो ठेवून घेतला.

कुणी मेन पंप गेला म्हटलं तर आधी कॅनची चाचणी करायला लावा. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंच टांगायचा, त्यातून नळी थेट मेन पंपाच्या तोंडाला जोडायची, हवा काढायची आणि गाडी चालू करायची. कॅनवर नीट चालली तर दोष मेन पंपाच्या मागं, टाकीच्या बाजूला आहे, मेन पंपाला हात लावू देऊ नका. तरीही पंप काढायचाच असला तर नंबरच्या पट्टीचा फोटो आधी घ्या, बेंचचा रिपोर्ट मागा, आणि जुना पार्ट पैसे वजा होत असले तरी सोडू नका. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल) गाडीत मात्र चालू इंजिनावर पाइप ढिला करू देऊ नका. तिथं दाब १,००० बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते. तिथं स्कॅनरवर रेल प्रेशर बघायचं.

गाडी धंद्याची, म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं आम्हाला गॅरेजवाल्यानं तोंडावर सांगितलं. ते खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाराही ग्राहकच धरला आहे, आणि बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर माहिती मिळते.

दादानं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. बेंचचा रिपोर्ट, फोटो, यूपीआयची नोंद आणि ते चिठोरं जोडलं आहे. तुमच्याकडं अशा कामाचं चिठोरं पडून असेल तर ते फेकू नका, आणि पंपावरचा नंबर आजच इंजिनाशी जुळवून बघा.