आमचं कंट्रोल: काटा बरोबर, यादी जुनी

मी राजेंद्रनगरात चार घरी पोळ्या करते आणि धान्य वस्तीतल्या कंट्रोलमधून आणते. इंदूरात रेशनच्या दुकानाला सगळे कंट्रोलच म्हणतात. बारा वर्षं या दुकानात जातेय, म्हणून लिहिते.

माप आता पुरतं मिळतं. पूर्वी वीस किलो म्हणून आणलेलं घरी एकोणीसही भरत नसे. आता काटा मशिनला जोडलाय, पावती निघते, आकडा आपल्या डोळ्यांपुढे. जानेवारी २०२३ पासून पैसेही लागत नाहीत. लॉकडाऊनमध्ये चारही घरची कामं सुटली तेव्हा याच पोत्यावर आम्ही निभावलो, ते मी विसरणार नाही.

तांदळाचं मात्र मनाला लागलं. मध्ये वस्तीत बोंब उठली की तांदळात प्लास्टिक येतंय. मीही ताटात घेऊन निवडायचे: जरा पिवळट, एकसारखे दाणे, पाण्यात वर तरंगणारे. मग आंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, ते पोषणाचे दाणे आहेत, शंभरात एक मिसळलेले. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. माझ्या थोरलीचं हिमोग्लोबिन नऊ. तिच्यासाठी आलेली वस्तू मी महिनोन्‌महिने केरात टाकत होते. दुकानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवायला काय लागतं?

दुसरं, धाकट्याचं नाव. तो तीन वर्षांचा झाला. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आहे, आधार आहे, पण पर्चीत, म्हणजे धान्य कुणाकुणाला मिळणार त्या चिठ्ठीत, नाव चढत नाही. आम्ही पाच माणसं, धान्य चौघांचं, माणशी पाच किलोप्रमाणे वीस. राज्याचा कोटा, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, अजून २०११च्या जनगणनेवरच चाललाय. माझी थोरली त्याच सालची, ती आता माझ्या खांद्याला लागली.

नीती आयोगाच्या हिशेबाने २०१३-१४ ते २०२२-२३ मध्ये २४.८२ कोटी माणसं गरिबीतून बाहेर आली. गॅस, वीज, संडास, शाळा, बँकेचं खातं अशा बारा गोष्टी त्यात मोजतात. यातलं बरंच आमच्या घरी आलंय, खोटं कशाला बोलू? पण कमाई त्या बारांत नाही. आमचा गहू वीस तारखेला संपतो.

सगळ्यात वाईट हाल शेजारच्या काकूंचे. वय ७४, एकट्या. जन्मभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषाच गेल्या. मशीन चारदा नाही म्हणतं, मग दुकानदार म्हणतो, “अम्मा, कल आना.” अंगठा लागला नाही म्हणून धान्य अडवू नका, वहीत नोंद करून द्या, असं केंद्राने २०१७ सालीच राज्यांना कळवलंय. आमच्याकडे ती वही निघतच नाही. मी ओल्या फडक्याने अंगठा पुसते, दाबून धरते, कधी लागतो, कधी नाही.

पाचपैकी तीन तारे. वही निघाली तर चौथाही देईन. काकूंचं या महिन्याचं धान्य अजून यायचंय, उद्या पोळ्यांना जाण्याआधी त्यांना पुन्हा घेऊन जाते.