प्लास्टिकचा बोनसेट : पहिलं वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

काल कवटीच्या जबड्याची स्प्रिंग तुटली, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला. सेट प्लास्टिकचा, उजव्या बाजूचा हाफ सेट, स्नायूंचे रंग मारलेला. मेडिकल चौकाकडच्या एका दुकानातून साडेचार हजाराला घेतला. सेट म्हणजे शरीररचना शिकायला लागणारी सुटी हाडं आणि कवटी.

खरी हाडं का नाही घेतली, असं बरेच जण विचारतात. मिळायला पाहिजेत ना! १९८५ साली निर्यातबंदी येईपर्यंत परदेशातल्या कॉलेजांना भारतातून सांगाडे जायचे म्हणे. इथे आम्हाला सीनियरकडून जुना सेट मिळाला तर मिळाला. शिवाय आमच्या घरमालकीण काकूंनी खरी हाडं खोलीत ठेवूच दिली नसती. हे प्लास्टिक आहे हे पटवायला त्यांच्या हातात फीमर, म्हणजे मांडीचं हाड, द्यावा लागला. काकूंनी तो फरशीवर ठोकून पाहिला, मगच मान हलवली.

हातापायाची हाडं चांगली आहेत, हे आधी कबूल. लाल म्हणजे ओरिजिन, स्नायू जिथून सुरू होतो ती जागा; निळा म्हणजे इन्सर्शन, तो जिथे जाऊन चिकटतो ती. ह्यूमरसवर (दंडाच्या हाडावर) डेल्टॉइड या खांद्याच्या स्नायूचा निळा पट्टा, रेडियस या हाताच्या पुढच्या हाडाच्या गाठीवर बायसेप्सचा ठिपका, एकदा पाहिलं की डोक्यात बसतं. फीमरच्या मागची खरबरीत रेघ, लिनिया अ‍ॅस्पेरा, बोटाला नीट लागते, डोळे मिटून सांगता येते. पण रंग कच्चा. मे महिन्यात कूलरसमोर बसूनसुद्धा तळहाताला घाम, आणि स्कॅप्युलाचा (खांद्याच्या फऱ्याचा) अर्धा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू माझ्या जर्नलवर उतरला.

आता क्लॅव्हिकलची, म्हणजे गळ्याखालच्या हाडाची गोष्ट. उजव्या सेटमध्ये डावी क्लॅव्हिकल निघाली. दुकानदार म्हणे, "ताई, हाड तं हाडच आहे ना, उजवं काय अन् डावं काय." म्हटलं थांबा. काउंटरवरच धरून दाखवली. जाड टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे, आतल्या दोन-तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे. आता सबक्लेव्हियस स्नायूची खोबण खाली यायला हवी, तर ती वर आली. म्हणजे डावी. "नेताना पाहून न्यायची होती," हे त्याचं उत्तर. मी हलले नाही. मागे दोन गिऱ्हाईकं वाट पाहून राहिली होती, ती मुकाट ऐकत होती. शेवटी त्याने आतून दुसरी आणून दिली, तीही "घ्या बाप्पा" म्हणत. साइड डिटरमिनेशन, म्हणजे हाड उजवं की डावं ते ओळखणं, मला त्या दिवशी जितकं पक्कं झालं तितकं लेक्चरमध्ये झालं नव्हतं.

खरा राग मात्र कवटीवर आहे, आणि कवटीतही एका भोकावर.

कवटीच्या तळाशी स्फिनॉइड नावाचं हाड असतं, त्याच्या ग्रेटर विंगमध्ये (मोठ्या पंखात) तीन भोकं लागोपाठ असतात : रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सर खराट्याची काडी देतात आणि म्हणतात, घाला. या कवटीत ओव्हेल आरपार आहे. रोटंडममध्ये काडी अर्ध्यावर अडते. आणि स्पायनोसम? काळ्या रंगाचा ठिपका! भोक नाहीच, टिकली लावल्यासारखं नुसतं रंगवलंय. तिथून मिडल मेनिंजियल आर्टरी, म्हणजे मेंदूच्या आवरणाची धमनी, आत शिरते हो. कानशिलाजवळ टेरियन नावाच्या जागी हाड पातळ असतं, त्याच्या आतल्या बाजूने हीच धमनी जाते, आणि हेल्मेटशिवाय गाडीवरून पडलेल्या माणसाच्या कवटीत रक्त साठतं ते पुष्कळदा हिच्यामुळे. त्यातही गंमत बघा, याच कवटीच्या आत त्या धमनीची खोबण अगदी फांद्यांसकट कोरलेली आहे. मग ती आत आली कुठून? भिंत फोडून?

दुकानात फोन केला, तर "सगळ्या कंपन्यांचं असंच येतं" म्हणाले. मग गोधडीचं दाभण गॅसवर लाल करून मीच ओव्हेलच्या मागे, किंचित बाहेरच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी टोचलं. जळक्या प्लास्टिकचा असा वास सुटला की काकू वर आल्या. पण काडी आरपार गेली! त्यानंतर कवटीबद्दलचं माझं मत जरा निवळलं, हे खरं. सूचर (हाडांचे सांधे) स्पष्ट आहेत, वरची टोपी निघते, तिन्ही फॉसा (तळाचे खड्डे) आतून दिसतात. कानाखालचा सुईसारखा काटा, स्टायलॉइड प्रोसेस, मात्र पहिल्याच महिन्यात मोडली. फेव्हिक्विकने चिकटवली, पुन्हा मोडली, आता पाकिटात आहे.

फिजिओलॉजीला सेटचा उपयोग शून्य. तिथे हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत स्वतःचंच रक्त घालून रंग जुळवत बसावं लागतं, त्याला काही विकत घेण्यासारखं नाही, हे बरंच आहे.

घ्यावा का? हातापायासाठी घ्या. दुकानदार कवटीशिवाय सेट देत असेल तर तसाच घ्या, पैसे वाचतील, आणि कवटी कॉलेजच्या खऱ्यावरच शिका. कवटीसकट घेणार असाल तर खराट्याची काडी खिशात ठेवून दुकानात जा, तिथेच घालून पाहा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

माझा सेट परीक्षेनंतर विकायचा आहे. क्लॅव्हिकल बदलून घेतलेली, स्पायनोसम दोन्हीकडे उघडलेलं, जबड्याला नवी स्प्रिंग लावून देईन. तीन हजाराच्या खाली बोलू नका.