गावातील फायबर इंटरनेट: आठ महिन्यांनंतरचे मत

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी केबलवाल्याने गेल्या वैशाखात फायबर इंटरनेट आणले आणि मी पहिल्याच आठवड्यात जोडणी घेतली. १०० एमबीपीएसच्या योजनेचे महिन्याला ५९९ रुपये, कर धरून ७०७ पडतात. नागपुरात शिकणारा मुलगा खोलीवरच्या इंटरनेटचे तेवढेच भरतो. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. सरकारी व्याख्येप्रमाणे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस असेल तरच ब्रॉडबँड म्हणायचे. पूर्वी धाब्यावर चढूनही मोबाइलवर तेवढे मिळत नसे, आता रात्री आठ वाजताही ८५ च्या खाली जात नाही.

नागपूर आणि आमचे गाव यांतला फरक लाइन तुटल्यावर कळतो. शहरात फायबरची मुख्य तार बहुधा रिंग पद्धतीने फिरवलेली असते, त्यामुळे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहते. आमच्याकडे तालुक्याहून एकच तार विजेच्या खांबांवरून येते. वादळात फांदी पडली किंवा रस्त्याच्या कामावरील जेसीबीचा धक्का खांबाला लागला, की राउटरवर लाल दिवा लागतो आणि अख्खे गाव बंद पडते. केसाएवढा काचेचा तंतू जोडण्यास स्प्लायसिंग मशीन लागते. केबलवाल्याकडे ते एकच आहे आणि आसपासची सगळी गावे त्याच्यावरच. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुटलेली लाइन सहाव्या दिवशी जुळली, आणि ई-पीक पाहणीतले (सरकारी अॅपवरच्या पीकनोंदणीतले) कपाशीचे फोटो मला दिग्रस रस्त्यावरच्या टेकाडावर जाऊन पाठवावे लागले. त्या सहा दिवसांचे पैसे बिलातून वजा झाले नाहीत, हे मला पटलेले नाही. केबलवाल्याचा माणूस मात्र फोन उचलतो. मुलाला नागपुरात तेवढेही सुख नाही.

ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात २.६४ लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायचे ठरले, म्हणजे एकेरी तारेचे दुखणे वरपर्यंत कळलेले आहे.

पाचपैकी तीन तारे. जोडणी अवश्य घ्यावी, राउटरला इन्व्हर्टरवर ठेवावे, आणि दुसरी तार गावात येईपर्यंत मोबाइलचा रिचार्ज बंद करू नये.