दोन तारा, 1946: केनन आणि नोविकोव्ह

शीतयुद्ध कोणी सुरू केलं, हा वाद न संपणारा आहे. त्यापेक्षा 1946 मधल्या दोन तारा (टेलिग्राम) शेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिली 22 फेब्रुवारीची. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी ती वॉशिंग्टनला पाठवली. त्यांच्या मते सोव्हिएत वैराचं मूळ रशियन सत्ताधीशांच्या जुन्या असुरक्षिततेत आहे; मार्क्सवाद हा त्यावरचा मुलामा. क्रेमलिनला, म्हणजे सोव्हिएत सरकारला, युक्तिवाद पटत नाही, ताकद मात्र बरोबर कळते, आणि ठाम विरोध दिसला की ते माघार घेतात.

दुसरी 27 सप्टेंबरची, वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांची. त्यांना अमेरिकेच्या धोरणामागे मक्तेदार भांडवल, म्हणजे बाजारावर ताबा असलेल्या बड्या कंपन्या, दिसतं. अध्यक्ष रूझवेल्ट वारल्यावर धोरण फिरलं, जगभर लष्करी तळ उभे राहताहेत, लष्करी खर्च 1938च्या दहापटीहून जास्त झाला, असे दाखले ते देतात.

आकडे नोविकोव्हकडे जास्त. समज केननकडे खोल. पण खरा फरक लेखकांच्या स्वातंत्र्याचा. केनन वरिष्ठांना न विचारलेलंही सुनावत होते. नोविकोव्हचा अहवाल परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांच्या सांगण्यावरून, त्यांच्याच सूचनांनुसार लिहिला गेला; म्हणजे साहेबांना त्यांचंच मत परत मिळालं! केननचं म्हणणं पुढच्याच वर्षी ‘एक्स’ या टोपणनावाने छापून आलं. नोविकोव्हची तार मात्र 1990 पर्यंत दप्तरातच होती.