केबल काढून स्टिक लावताना

घरात मराठी मालिका आणि क्रिकेट एवढंच चालत असेल, तर केबल काढून फायर टीव्ही स्टिक (टीव्हीला खोचून इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारं छोटं उपकरण) लावणं सहज जमतं. पण बिल कमी होईलच असं धरून चालू नका. ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’च्या मालिका जिओहॉटस्टार ॲपवर, ‘झी मराठी’च्या झी५वर, ‘सोनी मराठी’च्या सोनी लिव्हवर. तिन्ही हवं तर तीन वर्गण्या, ब्रॉडबँडचं भाडं वेगळं. यातलं काय आपल्या ब्रॉडबँड प्लॅनमध्येच येतं, ते आधी बघा.

स्टिक टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय खाचेत लावली की बरेच जण तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीला खोचतात. तिथे अनेकदा ०.५ अँपिअरच मिळतो, स्टिकला १ लागतो. मग मालिका ऐन रंगात आली की स्टिक आपोआप रीस्टार्ट होते. सोबतचा अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटलाच लावा. वायफाय राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा, मध्ये दोन भिंती असतील तर २.४. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात, तेव्हा मोबाइल हॉटस्पॉटवर संसार मांडू नका.

इंटरनेटवर क्रिकेट मात्र केबलपेक्षा थोडं मागे चालतं: शेजारचा जल्लोष आधी ऐकू येतो, विकेट नंतर पडते. वीज गेली की राउटरही बंद पडतो; त्याचा पॉइंट इन्व्हर्टरवर नसेल, तर छोटा यूपीएस (बॅटरी बॅकअप) घ्या. तो राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचूनच घ्या, बहुधा १२ व्होल्ट असतो. आजी-आजोबांना नंबर दाबून चॅनेल लावायची सवय असेल, तर डीडी फ्री डिश (दूरदर्शनची डिश-अँटेना सेवा) बसवून द्या. त्याला मासिक भाडं नाही.